पहिला ठसका

चिलीम पहिल्यांदा तोंडाला लावणाऱ्याला ठसका लागतो आणि भोवती बसलेले सगळे हसतात. विडीचं तेच, हुक्क्याचं तेच, लाकडी पाइपचंही तेच. नवख्याच्या डोळ्यांत पाणी, घशात काटे, छातीवर कुणीतरी तळहात दाबून धरल्यासारखा भार, आणि समोरून दिलासा मिळतो, "होईल हळूहळू सवय." या हसण्याचा आणि या दिलाशाचा मला राग येतो, आणि तो वयाबरोबर वाढत चालला आहे. आमच्या घरात तीन पिढ्या हा धूर होता, म्हणून असेल.

आजोबा होळकर सरकारच्या महसूल खात्यात होते. त्या राज्यात नेमावर नावाचा एक जिल्हाच होता. कन्नोद, खातेगाव, नेमावर या पट्ट्यात त्यांची नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर ते देवासला येऊन राहिले. सोबत पितळी बुडाची गुडगुडी आली. गूळ घालून मळलेला तंबाखू, वर बाभळीच्या कोळशाचे निखारे. निखाऱ्यांवर फुंकर घालायचं काम माझ्याकडे असे आणि त्याचा मला फार अभिमान वाटे. बुडातलं पाणी मात्र आजी बदलायची. ते चहाच्या रंगाचं होऊन बाहेर पडायचं, आणि ते मोरीत ओतताना ती पदर नाकाला लावायची. एवढी घाण पाण्यात उतरते म्हणजे आजोबांच्या पोटात काही जात नाही, असं घरात सगळे मानत. खरं तर पाणी धूर गार करतं, एवढंच. गार धूर घशाला टोचत नाही, म्हणून माणूस तो अधिक खोल आणि अधिक वेळ ओढतो. निखाऱ्यांतून येणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्याला जुमानत नाही आणि निकोटिनही पुरेसं पुढे जातं. घसा तक्रार करायचा थांबतो आणि आपण त्यालाच निर्धोक म्हणतो. आजोबा पहाटे उठले की पहिला अर्धा तास खोकत. त्या खोकल्याने आम्ही जागे होत असू आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे.

बाबांचा पाइप ब्रायरचा होता. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी गाठ असते, तिच्यातून हे पाइप कोरतात. ते लाकूड सहज पेटत नाही. बाबा इंदूरला कॉलेजात शिकवत. तंबाखूचा डबा उघडला की खोलीभर सुक्या फळांसारखा वास पसरे. भरायची त्यांची पद्धत ठरलेली: तळाशी सैल, मध्ये जरा दाबून, वर घट्ट. नव्या माणसाला ते आधी एकच सांगत, "धूर गालात ठेवायचा, छातीत न्यायचा नाही."

त्यांच्या या सूचनेमागे चांगलं रसायनशास्त्र होतं. सिगारेटच्या तंबाखूचा धूर काहीसा आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून तो फुप्फुसांपर्यंत न्यावा लागतो. पाइपचा आणि चिरुटाचा धूर बहुधा अल्कधर्मी असतो. त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातूनच रक्तात उतरतं. सिगारेटची सवय असलेला माणूस पाइपकडे वळला की जुन्या सवयीने धूर छातीत ओढतो आणि तिथेच फसतो. हा धूर जड, झोंबणारा; श्वासनळ्या आकसतात, त्यांच्या आतले कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतात. आणि धूर गालातच ठेवणाऱ्यालाही सुटका नाही. तो पाइप विझू नये म्हणून भराभर झुरके घेतो, तंबाखू ओलसर असेल तर वाफ उठते, जीभ पोळते, टाळू सोलवटल्यासारखा होतो. लाळेतून निकोटिन गिळलं जातं, उचक्या लागतात, मळमळतं, कपाळावर गार घाम येतो. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप निकोटिनमुळे सैल पडते, आम्ल वर येतं आणि छातीच्या हाडामागे जळजळतं. हे सगळं मी कॉलेजच्या दिवसांत बाबांच्याच पाइपवर अनुभवलं. बाबांच्या मित्रांना मोठी गंमत वाटली.

पुढे एका जुन्या प्रसंगाने मला धरून ठेवलं. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला असद बेग नावाचा मोगल अधिकारी विजापूरहून आग्र्याला परतला. आदिलशाही मुलखात पोर्तुगीजांच्या वाटेने आलेला तंबाखू तोवर रुळला होता. उत्तरेत तो नवाच. असद बेगने रत्नजडित नळीचा एक पाइप करवून अकबरापुढे ठेवला. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. दरबारी कुतूहलाने पाहत राहिले. कासावीस झाला तो एकटा हकीम, आणि त्याने अकबराला पुढे ओढू दिलं नाही. वाद झाला. हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, परीक्षा केल्याशिवाय बादशहाला कसं द्यावं, असं त्याचं म्हणणं. अकबराने पाइपचा नाद धरला नाही, दरबाऱ्यांनी धरला. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली तोवर उशीर झाला होता. त्या हकिमाबद्दल मला आदर वाटतो.

असाच एक माणूस मला नेमावरला भेटला. नेमावर हे नर्मदेचं नाभिस्थान. उगम आणि सागर यांच्या मध्यावरचं ठिकाण. उत्तर तीरावर सिद्धेश्वराचं परमारकालीन देऊळ, समोरच्या काठावर हंडिया. परिक्रमावासी इथे टेकतात. काठी, कमंडलू, झोळी. आश्रमवाले "कितने मूर्ती?" म्हणजे किती जण, असं विचारून सदाव्रताचा शिधा देतात. परिक्रमावाशांतले पुष्कळजण आपले मराठीच असतात. घाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी चिलीम फिरत होती. त्यात गांजा नव्हता, गावठी तंबाखू होता. चिलीम धरणारे बुवा वऱ्हाडातले, शेगावकडचे. मातीची नळी, आत राख अडवायला खडा. तो खडा जुन्या कौलाचा तुकडा होता. नर्मदेचा गोटा चिलमीत घालत नाहीत का, असं मी विचारलं तर त्यांनी कानाला हात लावले. इथला प्रत्येक गोटा शंकर. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळलेली.

छापी म्हटली की मराठी माणसाला साईबाबा आठवतात. धूपखेड्याच्या चांदभाई पाटलाची घोडी हरवली तेव्हाची कथा; चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढला आणि सटका आपटून छापी भिजवायला पाणी. गजानन महाराजांचीही पहिली ओळख आपल्याला चिलमीसकट असते. या चित्रांमुळे चिलमीला आपल्याकडे एक पावित्र्य चिकटलं आहे, आणि पोरासोरांना ती उचलायला ते पुरतं. त्या संतांचं मोठेपण चिलमीत नव्हतं, एवढं तरी आपण मुलांना स्पष्ट सांगायला हवं.

मी दोन्ही हातांची ओंजळ करून ओढलं. चिलमीत गालात धूर ठेवायची सोयच नाही, ती छातीनेच ओढावी लागते. असा ठसका लागला की पायरी धरून बसलो. मंडळी हसली. बुवा हसले नाहीत. त्यांनी चिलीम माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "छाती नाही म्हनते त आयक न तिचं, बाप्पा. आमची त आता बोलतच नाही." कमंडलूतलं पाणी त्यांनी पुढे केलं. मी परत चिलीम किंवा पाइप हातात धरला नाही.

बाबांचा पाइप चालूच होता. छातीत धूर न नेणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटवाल्यापेक्षा कमी असतो हे खरं, पण तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका धुराच्या वाटेवरच असतात. बाबांचा आवाज बसला. पाइपवाल्याचा आवाज घोगराच, असं म्हणत काही महिने गेले. मग तपासणीत स्वरतंतूवर गाठ निघाली. किरणोपचारांनी गाठ गेली. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज मात्र परत आला नाही.

त्या काळात ते कुमार गंधर्वांबद्दल खूप बोलत. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजी गेले त्याच दिवशी, कुमारजी क्षय घेऊन देवासला आले. इथली कोरडी हवा मानवेल म्हणून. गाणं बंद, बोलणंही जपून. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकत राहिले. स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी, आणि त्यावर उभं राहिलेलं ते गाणं आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. "त्या माणसाने प्रत्येक श्वास हिशेबाने वापरला," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणायचे. पुढचं वाक्य ते पुरं करत नसत.

म्हणून पाइप नव्याने हाती घेतलेल्या आणि घसा खवखवतो, छाती भरून येते अशी तक्रार करणाऱ्या कुणालाही मी तंबाखू बदलायचा, झुरका मंद करायचा सल्ला देत नाही. थांबा, एवढंच सांगतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. छातीतला दाब हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, घाम फुटत असेल, तर तो धुराचा त्रास समजून घरी बसू नका, तडक रुग्णालय गाठा. आणि सोडायचं ठरलं पण जमत नसेल, तर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. या फोनला पैसे पडत नाहीत.