पोचलं का?

आमच्या घरात एक 'रेडिओची खोली' आहे. निदान मी तरी तिला तसं म्हणतो. बाकीची मंडळी 'अडगळीची खोली' म्हणतात. रीतसर सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून मी तिथून गेली तीस वर्षं हवेत बोलतो आहे. "नाही तरी तुमचं सगळं बोलणं हवेतच जातं," असं आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं.

माझे नेहमीचे भिडू म्हणजे हडपसरचे नाना. मी कोथरूडला. रोज रात्री नऊला दोन मीटरच्या पट्ट्यावर आमची बैठक. मी अँटेनापासून सांधेदुखीपर्यंत सगळं सांगायचं आणि नानांनी "रॉजर, रॉजर" म्हणायचं. रॉजर म्हणजे 'पोचलं'.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो, तेव्हा वहिनींनी हळूच स्वयंपाकघरात बोलावलं. "भाऊजी, सांगू नका हं मी सांगितलं म्हणून. ह्यांना दोन वर्षं रेडिओवरचं काही ऐकू येत नाही. मीटरचा काटा खाली पडला, की तुमचं बोलून झालं असं समजतात आणि रॉजर म्हणतात."

चकली हातातच राहिली. त्या दोन वर्षांत माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मुलगी परदेशी गेली होती. धाकटा भाऊ गेला, ते मी रात्री नऊला नानांनाच आधी सांगितलं होतं. नाना क्षणभर थांबून "रॉजर" म्हणाले होते. मला तेवढ्यानंही धीर आला होता.

"मग मोबाइलवर लिहून पाठवा की!" ही म्हणाली. पण नाना मोबाइल टीव्हीमागे ठेवतात आणि रविवारी बघतात. शिवाय तीस वर्षं या गच्चीवरून त्या गच्चीवर गेलेलं बोलणं आता तिसऱ्याच्या टॉवरवरून न्यायचं, हे मनाला पटेना. तेव्हा ठरवलं, पॅकेट लावायचं.

पॅकेट म्हणजे रेडिओवरून टाकलेलं पत्र. 1978 साली कॅनडात माँट्रिअलच्या हौशी मंडळींनी ते पहिल्यांदा हवेत सोडलं. तुम्ही लिहायचं, संगणक त्या मजकुराचे दोन सूर करतो, एक 1200 हर्ट्झचा आणि एक 2200 चा, आणि रेडिओ ते किरकिरत पाठवतो. पत्रावर घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नाव, म्हणजे आमची परवान्यावरची सांकेतिक नावं. वाटेत कोणीही वाचावं. गुप्त भाषेत लिहायला आम्हाला बंदीच आहे. पूर्वी यासाठी मोडेमची वेगळी डबी लागायची. आता डायरवुल्फ नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो आणि संगणकाच्या साउंड कार्डावर भागतं.

पण या पत्राची खरी गंमत पोचपावतीत. पूर्वी पोस्टात रजिस्टर एडी असायचं ना, तसं. प्रत्येक पॅकेटच्या शेवटी मजकुराची एक बेरीज असते. पलीकडचा संगणक ती पडताळतो. जुळली तरच 'पोचलं' म्हणून कळवतो. एक अक्षर चुकलं, तरी गप्प बसतो. मग इकडचा थोडं थांबून तेच पुन्हा पाठवतो. नुसत्या भिडेखातर रॉजर म्हणणं त्याच्या स्वभावात नाही.

केबल मी स्वतः जोडली. दोन ठिकाणी बोट भाजलं. नानांकडे त्यांच्या नातवानं जोडली. त्याचं कुठंच भाजलं नाही. पहिल्या रात्री पडद्यावर एकच तक्रार: आवाज फार मोठा आहे, पन्नासच्या आसपास आणा. ही मागून म्हणाली, "बघा, त्यालाही कळलं." रेडिओचं बटण अर्ध्यावर आणलं.

तरी पावती येईना. माझा संगणक दहादा हाका मारायचा आणि दमून सोडून द्यायचा. चार रात्रींनी दोष सापडला. माझ्या जुन्या संचाला ऐकण्यातून बोलण्यावर यायला वेळ लागतो आणि संगणक त्याआधीच सुरू व्हायचा. माइक चालू व्हायच्या आधी भाषण सुरू करणाऱ्या अध्यक्षांसारखं. 'टीएक्स डिले' नावाचा आकडा 10 वरून 30 केला, म्हणजे 300 मिलिसेकंदांचा दम दिला.

पाचव्या रात्री पडद्यावर 'कनेक्टेड' उमटलं. मी रोमन लिपीत टाइप केलं, "नाना, पोचलं का?"

क्षणात संगणकाची पावती आली. नानांची यायला मिनिट लागलं. ते एका बोटानं टाइप करतात. "पोचलं. बोला."

मी दोन वर्षांचं सगळं पुन्हा सांगायला घेतलं. ऑपरेशन, मुलगी, आणि शेवटी लिहिलं, "धाकटा गेला. मागल्या मार्चमध्ये." संगणकानं लगेच पावती दिली. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, पुन्हा केबल सुटली. इतक्यात एकेक अक्षर शोधून लिहिलेली ओळ आली, "हे मला आत्ता कळतंय. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बस बदलून नाना आले. माझ्याशेजारी बसले, हात हातात घेतला आणि तासभर काही बोलले नाहीत.

हिनं आतून विचारलं, "चहा टाकू का?"

नाना म्हणाले, "रॉजर."