देवळीतला हिरवा

पाथर्डीकडच्या आमच्या धाब्याच्या घरात भिंती पांढऱ्या आणि लाकूड हिरवं, हा शिरस्ता होता. दिवाळीआधी चुन्याची कळी पिंपात टाकली की पाणी रटरटायचं. त्यात नीळ आणि डिंक पडायचा, आणि आई घायपाताच्या कुंच्यानं भिंतींना हात द्यायची. हिरवा मात्र डब्यातला ऑइलपेंट, महागाचा. तो दारं, खिडक्यांचे गज आणि देवळीची लाकडी चौकट यांच्याच वाट्याला यायचा. त्या चौकटीवर चिमणीची काजळी धरलेली असायची. कडेला पोपडे सुटलेले. वर पोपटी, त्याखाली गडद हिरवा, त्याखाली सागाचं लाकूड. आम्ही पोरं नखानं ते पोपडे काढत बसायचो.

आमच्याकडे पाऊस जेमतेम. रब्बीची ज्वारी निघाली की शिवार करडं पडतं, ते थेट मृगापर्यंत. अशा मुलखात माणसाला घरात थोडा तरी हिरवा लागतोच, असं मला वाटत आलं आहे.

पुढे वडिलांना साखर कारखान्यात नोकरी लागली. कॉलनीतल्या खोलीत भिंतीला कमरेपर्यंत हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा होता आणि वर पिवळट डिस्टेंपर. शाळेत तोच पट्टा, दवाखान्यातही तोच. तेलकट डोकी टेकली तरी ओल्या फडक्यानं पुसता येतो, एवढंच त्याचं काम. मला तो उदास वाटायचा. रंग वाईट नव्हता, पण ट्यूबलाइटखाली तो चकचकायचा आणि निर्जीव दिसायचा.

हिरव्यातला शांतपणा मला दिसला तो नगरच्या रणगाडा संग्रहालयात. उन्हात उभ्या असलेल्या त्या धुडांचा मातकट हिरवा डोळ्यांवर येत नव्हता. हिरव्यात थोडी माती मिसळली की तो आपल्या उन्हाला मानवतो, हे तिथं कळलं.

मग मी या रंगाच्या मागेच लागलो. युरोपात 1775 साली शेले या रसायनशास्त्रज्ञानं काढलेल्या हिरव्यात आर्सेनिक होतं, आणि तो घराघरांतल्या भिंतींच्या कागदांवर गेला. नंतरचा क्रोम ग्रीन म्हणजे प्रशियन निळा आणि शिशाचा क्रोम पिवळा यांचं मिश्रण. चुन्याचा क्षार त्यातली निळाई खातो, म्हणून ताज्या चुन्यावर हा हिरवा टिकत नाही. आमच्याकडे तो लाकडावरच राहिला, त्याला पैशाइतकंच हेही कारण असावं. आणि ते पोपडे! त्यात शिसं असण्याचीच शक्यता जास्त. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. आता घरात नात रांगते. जुनं दार कोरडं घासू द्यायचं नाही, यावर मी अडून बसतो.

नगरच्या सावेडीतल्या घराच्या बैठकीची एक भिंत मी गडद हिरवी करून घेतली, मॅटमध्ये. चकाकीत लांबीचे सगळे उंचवटे तिरप्या उन्हात उघडे पडतात. रंगारी आधी दोनच हात म्हणाला होता. गडद रंग दोन हातांत डाग दाखवतो, तिसरा लागलाच. रोलरची ओली कड वाळायच्या आत पुढचा पट्टा घ्यावा लागतो, म्हणून तेवढा वेळ पंखा बंद. भिंत पूर्वेच्या खिडकीसमोरची निवडली, कारण हा रंग उजेड पितो. अंधाऱ्या खोलीत तो काळाच वाटेल. त्यावर पितळेची समई आणि सागाचा जुना पाट असे उठून दिसतात की दुसरं काही टांगावंसंच वाटत नाही.

जिन्याखालची भिंत राहिली आहे. तिला लोणा आहे, आणि गडद हिरव्यावर लोण्याचा पांढरा लगेच फुटून दिसतो. आधी ओल कुठून येते ते शोधायचं, पावसाळा जाऊ द्यायचा, मग रंगाऱ्याला बोलवायचं.