फेज फिरवा, गेनला हात लावू नका
‘मॅडम, सर्किट सुधारत कशाला बसायचं? टेबल टाकू,’ असं टीममधला नवा मुलगा म्हणाला, तेव्हा बाई चिडल्या. त्याचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं म्हणून जास्तच. या मराठी डिझायनरबाई बंगळुरूत २८ गिगाहर्ट्झच्या, अनेक अँटेनांचे सिग्नल फेज जुळवून एकत्र करणाऱ्या फेज्ड-अ‍ॅरे रिसीव्हर चिप करतात.

दुखणं जुनंच. फेज शिफ्टरने फेज फिरवावी, गेन हलवू नये. ५ बिट, ३२ स्थिती, ११.२५ अंशांची पायरी. कागदावर हे ३२ बिंदू वर्तुळावर छान बसतात. सिलिकॉनमध्ये, ज्या दोन शाखा मिसळून फेज फिरते त्या आय आणि क्यू यांच्यात ९० ऐवजी ८७ अंशांचं अंतर निघालं, की वर्तुळाचा बटाटा होतो. मग फेज बदलली की गेन बिघडतो, गेन सावरला की फेज सरकते.

बाई या बटाट्याच्या मागे हात धुऊन लागल्या आहेत. लेआउटमध्ये त्या मायक्रोमीटरवरून भांडतात. २८ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी १०.७ मिलिमीटर, चिपवरच्या ऑक्साइडमध्ये साधारण निम्मी. धातूची रेघ १५ मायक्रोमीटरने लांबली तरी फेज अंशभर सरकते. म्हणून क्यूच्या रेघेला वळसा पडला की तेवढाच वळसा आयलाही द्यायचा, गरज नसली तरी.

एवढा आटापिटा कशासाठी? नको असलेला सिग्नल दोन अँटेनांनी ३० डेसिबल दाबायचा, तर फेज अगदी अचूक धरूनही गेनमधला फरक पाव डेसिबलच्या आसपास ठेवावा लागतो.

२००४ साली कॅलटेकमध्ये अली हाजिमिरी यांच्या गटाने २४ गिगाहर्ट्झचा ८ अँटेनांचा रिसीव्हर एका सिलिकॉन चिपवर बसवला. त्यांनी फेज सिग्नलच्या वाटेवर फिरवलीच नाही, लोकल ऑसिलेटरच्या वाटेवर फिरवली. ऑसिलेटर पुरेसा जोरात मिळाला, की त्याच्या थोड्याफार चढउताराचं मिक्सरला सोयरसुतक नसतं. गेन आपोआप स्थिर. चाल देखणी, पण महाग. ऑसिलेटर प्रत्येक अँटेनापर्यंत न्यायचा, मिक्सरही प्रत्येकीला वेगळा, आणि नको असलेला सिग्नल कापला जातो तो या सगळ्या मिक्सरांतून गेल्यावर.

२०१७ मध्ये आयबीएम आणि एरिक्सनने २८ गिगाहर्ट्झची ३२ एलिमेंटची चिप दाखवली. तिथे फेज सिग्नलच्या वाटेवरच, आरएफमध्ये, फिरते, आणि तरीही फेज आणि गेन एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. त्या चिपवरच्या पेपरचा विषय निघाला की बाईंच्या आवाजात कौतुकाइतकाच मत्सर असतो. त्या तो लपवतही नाहीत.

बाकीच्या पेपरांबद्दल बोलताना मात्र त्यांची जीभ सुटते. एकाच फ्रीक्वेन्सीला, खोलीच्या तापमानाला, हाताने जुळवून घेतलेल्या एका चिपवर मोजायचं आणि ‘आरएमएस त्रुटी १ अंशाहून कमी’ असं पहिल्याच पानावर छापायचं! नव्या पोरांना तर वर्तुळाची आकृती हाताने काढून बघण्याची सवयच उरलेली नाही, ही त्यांची दुसरी तक्रार. ती थोडी अन्यायाची आहे.

कारण पोराचं टेबल चालतं. चिपवर ३२ ऐवजी हजारभर स्थिती ठेवायच्या, मोजायच्या, आणि वर्तुळाच्या सर्वांत जवळच्या ३२ निवडून मेमरीत लिहायच्या. बाईंचे आक्षेपही खरे: टेबल २५ अंश सेल्सियसला भरलं आणि चिप तापून ८५ वर गेली तर? चिप ज्या एन२५७ बँडमध्ये चालते तो २६.५ ते २९.५ गिगाहर्ट्झ एवढा रुंद. एका टोकाला नीट बसलेलं टेबल दुसऱ्या टोकाला बसेल कशावरून? शिवाय एकेक चिप मोजायची म्हणजे टेस्टरचा वेळ, आणि तो फुकट मिळत नाही.

पण आणखी खोदून विचारलं, तर त्या हसून सांगतात की वर्तुळ टेबल न लावलेल्या चिपमधूनच गोल निघावं ही हौस ग्राहकाची नाही, त्यांची स्वतःची आहे. ग्राहक ती आकृती कधीच बघत नाही. प्रोब स्टेशनवर शेजारी उभा असलेला दुसरा डिझायनर बघतो, आणि त्याने बघावी यासाठीच सारा खटाटोप.

पुढच्या चिपमध्ये टेबल असेल, छोटं. पेपर लिहिणाऱ्यांकडे मात्र बाईंचं एकच मागणं आहे: सरासरी छापू नका, ३२ च्या ३२ स्थिती, अख्ख्या बँडभर, ८५ अंशांवर मोजून छापा.