प्रार्थना आणि शब्दकोश

रविवारी उपासनेला जाताना पावसाळ्यात आपण छत्री दाराशी ठेवतो. कित्येक मंडळी तिच्या शेजारीच आपली बुद्धीही ठेवून आत जातात, अशी मला पुष्कळदा शंका येते. आठवडाभर हीच माणसे कचेरीतल्या हिशेबातली चूक हुडकून काढतात, मुलाच्या बीजगणिताचे उत्तर ताडून पाहतात. पण धर्माची गोष्ट निघाली की म्हणतात, "तिथं डोकं चालवायचं नसतं हो. श्रद्धा भोळीच बरी!"

मला हा भोळेपणा वाटत नाही, आळस वाटतो. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा ख्रिस्ताने मोशेच्या ग्रंथातलीच आज्ञा सांगितली. मूळ हिब्रू वचनात देवावर प्रीती करण्याची साधने तीन आहेत: अंतःकरण, जीव आणि शक्ती. मार्कच्या शुभवर्तमानात ती चार होतात. चौथे साधन बुद्धी. हिब्रूतल्या 'अंतःकरणा'त विचारही सामावलेला असतो, हे खरे. तरी ग्रीकमध्ये त्याचे निराळे नाव आले. मी पडलो भाषेचा मास्तर. त्या एका शब्दापाशी मी दर वेळी थबकतो.

ही आज्ञा पाळणारे माणूस कसे असते, हे पाहायला फार दूर जायला नको. संस्कृत विद्येत वाढलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. वॉन्टेजच्या मठवासी भगिनींचा त्यांना आधार होता. पण बाईंनी मुकाट्याने मान डोलावली नाही. त्रैक्याचे तत्त्व, चर्चचा अधिकार, सगळ्यांवर त्यांनी प्रश्न केले. स्वतःच्या विवेकाला पटल्यावाचून त्या काही मान्य करीत ना. वडीलधाऱ्यांना हा अहंकार वाटला. बाईंनी मात्र प्रश्न सोडले नाहीत, आणि ख्रिस्तालाही सोडले नाही.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून सबंध बायबल मराठीत उतरवायला घेतले. कारण काय? प्रचलित भाषांतरातली संस्कृत वळणाची भाषा तिथल्या साध्यासुध्या बायकांना जड जाई. वर्षानुवर्षे काम चालले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी ते थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये बाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली ते छापून प्रसिद्ध झाले. एवढी विद्या, आणि ती खर्ची पडली ती शब्द सोपा करण्यासाठी! ज्या टेबलावर शब्दकोश उघडा होता, तिथेच प्रार्थनाही चालली होती, असे मी समजतो.

अधूनमधून एखादा विद्यार्थी माझ्याकडे येतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "सर, उत्क्रांती खरी असेल, तर उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचं काय करायचं?" प्रश्नापेक्षा तो दबलेला आवाज मला अधिक अस्वस्थ करतो. घरी विचारले तर विश्वास डळमळला म्हणतील, ही त्याची भीती. अशी मुले गप्प बसायला शिकतात, आणि पुढे एक दिवस उपासनेला यायचीच थांबतात. आपण म्हणतो, शिक्षणाने बिघडली!

मी त्याला खुर्ची देतो, दोन पुस्तके काढून ठेवतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ये म्हणतो. ज्याने बुद्धी दिली, तो तिच्या प्रश्नाने रागावेल, असे मानण्याइतका अविश्वास माझ्या अंगी नाही.