काळ, काम, वेग आणि कंबर

मंडळी, पंचाहत्तरीत रोड बाईक घेतोय म्हटल्यावर घरात आधी गोंधळच झाला. बाईक म्हणजे फटफटी नव्हे हो! खाली वळलेल्या हँडलची, पातळ टायरची सायकल. माझी थोरली बहीण तारापूरला असते. तिचं घराबाहेर पडणं आता बंद झालंय. पालघरहून गाडीने बोईसर आणि पुढे रिक्षा, हे आहेच. पण स्वतःच्या पायांच्या जोरावर तिच्याकडे जाता येतंय तोवर जावं, एवढीच इच्छा.

नातवाचा आग्रह रेसच्या मॉडेलचा. "आजोबा, हलकी आहे, मस्त पळेल!" मी त्याला जुनंच गणित घातलं. ३६ किलोमीटर जायचंय. ताशी २४च्या वेगाने दीड तास लागेल. पण पाठ मोकळी करायला पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा थांबलो तर झाले दोन तास. ताशी २०ने न थांबता गेलो तर १ तास ४८ मिनिटं. मग वेगवान सायकल कुठली?

नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. आळीपाळीने चालवत सुमारे ४,८०० किलोमीटर! एवढ्या पल्ल्यात अंगाला सोसणं हासुद्धा वेगाचाच भाग.

म्हणून मी 'एन्ड्युरन्स' प्रकार निवडला. यात हँडल जरा उंच आणि जवळ असतं, त्यामुळे पाठ कमी वाकते आणि मनगटांवर भार कमी येतो. टायर ३२ मिलिमीटरचे. पूर्वी २३चे चालायचे, दगडासारखे कडक फुगवून. बोईसरच्या एमआयडीसीत टँकर-ट्रेलरने उखडलेल्या रस्त्यावर असा टायर नुसता उडतो. जोर पुढे जाण्याऐवजी हादऱ्यांत जातो. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, धक्के तोच गिळतो. चढासाठी हलके गिअर घेतले, गुडघे दुवा देतात.

सीट मात्र गादीसारखी मऊ घेऊ नका. त्यात माणूस रुततो आणि नको तिथे दाब येतो. बैठकीच्या हाडांना आधार मिळेल एवढी रुंदी पुरे. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हावा, ही उंची. आणि कंपनीचं नाव बघण्याआधी मापाची फ्रेम बघा.

ताईला फोन केला. "किती वेळात येशील?" म्हणाली. म्हटलं, वेळेचं सांगत नाही, पण आल्याबरोबर आडवा होणार नाही. तुझ्याशी गप्पा मारण्याइतकी ताकद शिल्लक ठेवूनच येईन.