आमचा खर्ज

"पण मास्तर, तुम्ही नक्की वाजवता तरी काय?"

गेल्या पंचवीस वर्षांत हा प्रश्न आम्हांस किती वेळा विचारला गेला, याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही. प्रसंग मात्र बहुधा एकच असतो. लग्नाच्या आदल्या रात्रीचा हळदीचा कार्यक्रम आटोपलेला असतो. बेंजोवाल्याभोवती पोरांचे कोंडाळे जमलेले असते. ढोलकीवाल्याच्या हातात नवरदेवाचे मामा कौतुकाने नोट कोंबत असतात. गाणाऱ्या बाईंना आतून चहा येतो. आम्ही मांडवाच्या कोपऱ्यात वायरी गुंडाळीत असतो. अशा वेळी एखादे चौकस गृहस्थ जवळ येतात, आमच्या गळ्यातील त्या चार जाड तारांच्या वाद्याकडे निरखून पाहतात आणि वरील प्रश्न टाकतात. कोणी जास्तच स्पष्टवक्ते असले तर पुस्तीही जोडतात, "मी मघापासून बघतोय, तुम्ही आपले नुसतेच उभे होतात."

आम्ही व्यवसायाने बोर्ली पंचतन येथील एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवितो. कोणाला तपकिरीचे व्यसन असते, कोणाला पत्त्यांचे. आम्हांस बेस गिटारचे आहे. त्यातून आम्ही श्रीमंत झालो नाही आणि प्रसिद्ध तर नाहीच नाही. तरीही श्रीवर्धनपासून म्हसळ्यापर्यंत आणि दिघीचा तर ओलांडून थेट मुरुडपर्यंत ज्या ज्या मांडवात आम्ही उभे राहिलो, तेथे आम्ही 'नुसतेच' उभे नव्हतो, एवढे सिद्ध करण्याची आमची इच्छा आहे. सिद्धता देणे हा आमच्या पेशाचाच भाग आहे, तेव्हा वाचकांनी थोडी सवलत द्यावी.

खर्जाची महती आपल्या लोकांना ठाऊक नाही असे नाही. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटची, पितळेची जाड तार खर्जाची. ती नीट लागली नाही तर वरच्या तिघी कितीही सुरेल असोत, गवई गाण्यास बसत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात ती त्यातून गंभीर ध्वनी निघावा म्हणूनच. विलायती वाद्यवृंदात हेच काम डबल बेस नावाचे पुरुषभर उंचीचे धूड करीत असे. ते घेऊन गावोगाव हिंडणे म्हणजे घरातील कपाट पाठीवर मारून वरातीला जाण्यापैकीच. शिवाय तुताऱ्यांच्या गलबल्यात ते ऐकूही येत नसे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर नामक कारागिराने १९५१ साली त्यावर तोड काढून गळ्यात अडकविता येण्याजोगी भरीव लाकडाची विजेची बेस गिटार बाजारात आणली. मानेवर धातूच्या पट्ट्या बसविल्यामुळे बोट नेमके सुरावर पडे. म्हणून तिचे नावही त्याने 'अचूक' या अर्थाचे ठेवले. हळदीच्या मांडवात आमच्या शेजारी जो बेंजो असतो, त्याचे कूळही असेच दूरचे. जपानातील नागोया शहरी मोरिता गोरो याने १९१२ साली तयार केलेले टंकयंत्रासारख्या कळांचे तंतुवाद्य आपल्या देशात आले, येथे त्याचे बुलबुलतरंग झाले आणि कोकणात येऊन ते बेंजो म्हणून लग्नघरी नांदू लागले. कॅलिफोर्निया आणि नागोया यांची गाठ बोर्लीच्या मांडवात पडावी, यात आम्हांस तरी काही विपरीत वाटत नाही. सोयरिकी अशाच जुळतात.

आमची स्वतःची सोयरीक गिरगावात जुळली. शिक्षणासाठी मुंबईस असताना १९९४ साली एका वृद्ध गोवेकर वादकाकडून आम्ही हे वाद्य जुनेच विकत घेतले. त्या पिढीतील अनेक गोवेकर वादकांनी सिनेमाच्या संगीतासाठी वर्षानुवर्षे वाजविले आणि पडद्यावर त्यांचे नाव क्वचितच झळकले. या गृहस्थांनी किमतीत आम्हांस पाच धडे दिले. पाचही धड्यांचे सार एकच होते : "मॅन, कम बजाव." आम्ही तरुण होतो, पैसे दिले आहेत तर भरपूर वाजवावे, असा आमचा साधा हिशेब होता. दोन सुरांमधली मोकळी जागाही वाजवावी लागते, हे समजण्यास आम्हांस पुढे दहा वर्षे लागली.

नोकरी लागून गावी आलो आणि एका हौशी पार्टीत सामील झालो. हौशी म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. ज्याच्या घरी भात लावणी, सुपारीची बाग, दुकान किंवा शाळेचे हजेरीपत्रक आहे आणि तरीही जो संध्याकाळी छोट्या हत्तीच्या हौद्यात स्पीकरच्या खोक्यांवर बसून परगावी जातो, तो हौशी. आमचा ड्रमवाला दिवसा सुतारकाम करतो. बेंजोवाल्याची भुसारी मालाची वखार आहे. दिवाळी सरली की लग्नसराई सुरू होते. मग सत्यनारायण, गणपती, नवरात्र. अलीकडे दिवेआगरास पर्यटक येऊ लागल्यापासून तेथील अंगणांतही बोलावणी येतात. यजमानांचा आग्रह असतो की वाजवा, वाजवा. आणि रात्री दहाचा कायदा सांगण्यास कोणी आले की तेच यजमान आम्हांकडे बोट दाखवितात. जनरेटर ऐन रंगात धापा टाकतो. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात. म्हणून नव्या तारांचा खर्च मिळणाऱ्या पाकिटातून वजा करावा लागतो आणि बाकी काय उरते, हे गणिताचा शिक्षक असूनही आम्ही घरी कधी मांडून दाखविलेले नाही. रात्री दोनला परतावे, सकाळी सातला फळ्यासमोर उभे राहावे. "अहो, निदान दाढी तरी करून जा," एवढेच बोलून घरातल्यांनी हा संसार चालविला, हे त्यांचे मोठेपण.

या साऱ्या उपद्व्यापाला आमच्या तीर्थरूपांची संमती नव्हती. बाबा स्वतः भजनी मंडळात पखवाज वाजवीत. वाद्य म्हणजे चामडे, लाकूड आणि माणसाचा हात. बटण दाबल्यावाचून ज्याला कंठ फुटत नाही ते वाद्यच नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत. आमच्या एकाही कार्यक्रमास ते पुढे येऊन बसले नाहीत. गावातल्या गणेशोत्सवात आम्ही वाजवू लागलो की ते मांडवाच्या मागच्या कडेला काठी टेकून उभे राहत आणि दुसऱ्या गाण्याला घरी जात. पुढे त्यांचे कान गेले. प्रथम पाखरे गेली, मग टाळ, मग नातवंडांची हाक. म्हातारपणी श्रवणाचा ऱ्हास होतो तो बहुधा वरच्या सुरांपासून. खालचे सूर मागाहून जातात. वर्गात ध्वनीचा धडा शिकविताना आम्ही हे कैक वेळा सांगितले होते. पण घरात ते लागू करून पाहण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

एके दिवशी आमच्या पार्टीतील एका जाणत्याने चहा पिता पिता आम्हांस सांगितले, की नव्या कीबोर्डावर डाव्या हाताने बेस वाजतो, शिवाय तयार ठेकेही मिळतात, तेव्हा "मास्तर, तुमची शाळा असते, प्रत्येक वेळी नाही आलात तरी चालेल." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. वाटण्या पाचाऐवजी चार झाल्या तर प्रत्येकाला थोडे अधिक मिळेल, हे गणित आमच्याकडूनच शिकण्यासारखे होते. "चालेल" हा शब्द मात्र आम्हांस फार लागला. पंचवीस वर्षे ज्याला आम्ही पाया समजत होतो, तो काढून घेतला तरी घर चालणार होते. आम्ही वाद्यास रेक्झिनची खोळ घातली, वर प्लास्टिक गुंडाळले आणि ते खाटेखाली सरकवून दिले.

त्यानंतर काही महिन्यांनी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्या दुपारी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वारा फिरत होता. आमच्या छपराची कौले पाखरांच्या थव्यासारखी उडाली. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या ज्या बागांवर या मुलुखातील कित्येक घरे जगतात, त्या संध्याकाळपर्यंत काड्यांच्या पेटीसारख्या उलट्या झाल्या. सुपारीचे नवे झाड लावले तर फळ धरण्यास पाचसहा वर्षे हवीत. ऐंशीच्या घरातील माणसास त्या हिशेबाचा अर्थ निराळा समजतो. बाबा पडलेल्या झाडांकडे एकदा पाहून आले आणि माजघरातील मधल्या खांबाला पाठ टेकून जे बसले, ते बोलेनासेच झाले. त्यांचा पखवाज पावसात भिजून त्याची पुडी फाटली होती. विजेचे खांब आडवे झाले होते. आमच्या आळीत महिना झाला तरी दिवा लागला नव्हता. वर कोरोनाची बंदी, त्यामुळे येणारे-जाणारे नाही.

१ जुलै रोजी आषाढी एकादशी आली. एवढ्या वर्षांत त्या दिवशी आमच्या घरी भजन झाले नाही असे घडले नव्हते. आईने समई लावली, नात टाळ घेऊन बसली आणि आईने कापऱ्या आवाजात अभंग सुरू केला. त्या गाण्याखाली काहीच नव्हते. पखवाज नसलेले भजन म्हणजे जोते नसलेले घर. बाबांना तर तेही ऐकू येत नव्हते. ओठांची हालचाल पाहत ते बसले होते.

आम्ही खाटेखालून खोळ ओढली. विजेवाचून ही गिटार जवळजवळ मुकी असते. तिच्या भरीव लाकडात नाद घुमण्यास पोकळीच नाही. शेजारी बसलेल्यासही तारेची नुसती कुजबुज ऐकू येते. पण वर्गात नादकाटा ठोकून आम्ही तो टेबलावर टेकवितो, तेव्हा हातातला बारीक आवाज साऱ्या टेबलाचा होतो आणि मुले दचकतात. तोच प्रयोग आम्हांस त्या क्षणी आठवला. आम्ही खांबाशेजारी बसलो, गिटारचे डोके त्या जुन्या सागवानावर घट्ट दाबले, आईचा षड्ज शोधला आणि खालची तार छेडली.

खांब बोलला. अगदी हळू, पण बोलला. त्यावरची तुळई बोलली. पाटावरच्या तांब्यातील पाणी थरारले. या वाद्याची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदास सुमारे एक्केचाळीस वेळा कंप पावते आणि तिच्या नादाची हवेतील एकेक लाट आठ मीटरांहून लांब असते, म्हणजे आमच्या माजघरात ती पुरती मावतही नाही. ही आकडेमोड नंतरची. त्या वेळी आम्ही पाहत होतो ते बाबांची पाठ. ती खांबापासून किंचित दूर झाली, मग आपण होऊन पुन्हा टेकली. आम्ही गोवेकर गुरूचा धडा आठवून कमी वाजविले : समेला एक सूर, मग मोकळी जागा, मग दुसरा. दुसऱ्या कडव्याला बाबांचा उजवा हात मांडीवर भजनी ठेका धरू लागला. डावा हातही हळूहळू हलू लागला आणि आम्ही जेथे सूर टाकीत होतो नेमक्या तेथेच, न दिसणाऱ्या पखवाजाच्या कणकेवर, पडू लागला. आईने ते पाहिले आणि तिचा आवाज स्थिर झाला.

अभंग संपल्यावर बाबांनी खांबावर हात ठेवून पाहिला, मग गिटारवर. आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "एवढी वर्षं हेच वाजवत होतास होय रे? मला वाटायचं, तू नुसताच उभा राहतोस."

पुढच्या वर्षी ते गेले. मधल्या काळात वीज आली, कौले बसली, त्यांच्या पखवाजाला नवी पुडी चढली. पण बाबांना ध्वनिक्षेपकाचा आवाज चालत नसे. संध्याकाळ झाली की ते खांबाकडे बोट दाखवीत.

लग्ने पुन्हा सुरू झाली तेव्हा ड्रमवाल्याने पार्टीत सांगून टाकले, की कीबोर्डचा डावा हात आपल्या पायाशी बोलत नाही. मास्तर नसतील तर आपणही नाही. त्याच्या पायाखालचा मोठा ड्रम आणि आमची तार एकाच क्षणी पडली तर नाचणाऱ्याचे पाऊल आपोआप उचलले जाते. क्षणाचा फरक पडला तर पाऊल अडखळते आणि का अडखळले हे त्याचे त्यालाही कळत नाही. आम्ही परत गेलो. वाटण्या पुन्हा पाच झाल्या. आमचे पाकीट पूर्वीइतकेच आहे आणि वायरी अजून आम्हीच गुंडाळतो.

प्रश्नही तोच येतो, "मास्तर, तुम्ही नक्की वाजवता काय?" पूर्वी आम्ही चिडत असू किंवा तंबोऱ्यापासून सुरुवात करून प्रश्नकर्त्यास पळवून लावीत असू. आता कार्यक्रमापूर्वी, साउंडवाल्याने वीज जोडण्याआधी, आम्ही गिटारचे डोके मांडवाच्या खांबाला टेकवितो आणि एक तार छेडून ती लागली आहे ना ते पाहतो. बघणाऱ्यांना ती आमची काहीतरी श्रद्धा वाटते आणि आम्ही ती समजूत मोडीत नाही. चौकस गृहस्थ फारच मागे लागले तर आम्ही त्यांना एवढेच सांगतो, की खांबाला जरा पाठ लावून उभे राहा.