आडोसा

काचेची मत्स्यपेटी हे मुळात पाहणाऱ्याच्या सोयीने घडवलेले साधन आहे. ओढ्याकाठी वाकून, पाणी निवळण्याची वाट पाहून, जे एरवी वरून आणि अर्धवटच दिसते, ते घरबसल्या समोरून दिसावे एवढ्यासाठी तिच्या भिंती पारदर्शक केलेल्या असतात. आणि नेमकी हीच गोष्ट तळाशी राहणाऱ्या माशांच्या स्वभावाला सर्वांत जाचक ठरते. मधल्या पाण्यात थव्याने फिरणाऱ्या माशाला उजेड आणि मोकळी जागा चालते, किंबहुना ती हवीच असते. तळाच्या माशाला मात्र अंगाच्या किमान दोन बाजूंना काहीतरी टेकलेले लागते. म्हणून अशा माशांसाठी दगड आणि पाणवनस्पती यांची मांडणी करणाऱ्याला एक चमत्कारिक काम अंगावर घ्यावे लागते : जे पाहायचे, तेच लपेल अशी जागा आपल्या हातांनी तयार करायची.

मत्स्यपेटीच्या इतिहासात ही गोष्ट अगदी आरंभी कोणाच्या तरी ध्यानात आली होती. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये एका पात्रात सोनमासे, पाण्याखाली वाढणारी व्हॅलिस्नेरिया ही पट्टीसारख्या पानांची वनस्पती आणि कुजणारी पाने खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवून, प्राणी आणि वनस्पती एकमेकांच्या श्वासोच्छ्वासाची तजवीज कशी करतात हे दाखवून दिले. त्यांच्या पात्राच्या तळाशी दगडही होते, आणि माशांना उन्हापासून सावली मिळावी हा त्यांचा हेतू होता. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केल्यावर हा छंद पसरला. पुढच्या काळात दगड उरला, पण तो बहुतेकदा शोभेचा म्हणून.

सह्याद्रीच्या ओढ्यांतील तळमासे पाहिले म्हणजे त्या सावलीची गरज किती खोलवर आहे ते कळते. मुरी या नावाने ओळखले जाणारे लांबट, मिशाळ मासे आणि खडकाला तोंडाने चिकटून राहणारा मळ्या हे दख्खनच्या पाण्याचे जुने रहिवासी आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक जातींना त्यांनी स्थानिक बोलीतली नावेच लॅटिन वळणाने बहाल केली. त्यामुळे मळ्याचे शास्त्रीय नाव आजही ‘गारा मुल्या’ असे आहे, एका मुरीच्या नावात ‘मूरेह’ आहे, शिंगटीच्या नावात ‘सींगटी’ आहे, आणि महासीरच्या एका जातीच्या नावात ‘खुद्री’ आहे. मासे धरणाऱ्यांच्या तोंडचा शब्द जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसला. शहरातल्या दुकानांत मात्र मुरीसारखे मासे ‘लोच’ या इंग्रजी नावाने विकले जातात आणि गिऱ्हाईकाला मुरी म्हणून सांगितले तर ते भुवया उंचावते.

मुरीच्या शरीराची ठेवणच तळाशी बांधलेली आहे. माशाला पाण्यात अधांतरी राहता यावे म्हणून पोटात जी हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, असते, ती या माशांत लहान झालेली असते आणि तिचा पुढचा भाग हाडाच्या डबीत बंदिस्त असतो, त्यामुळे पोहणे थांबवले की मुरी तरंगत राहत नाही, खाली बसते. वाहत्या पाण्यात हा दोष नव्हे, उलट सोय आहे. कारण जो वर उचलला गेला तो प्रवाहाबरोबर गेला. मळ्याने वेगळा उपाय काढला आहे : त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असते आणि खालच्या ओठाची चकती झालेली असते, जिच्या आधाराने तो ओल्या कातळाला धरून राहतो आणि शेवाळ खरवडतो. (शहरी मॉलमध्ये पैसे देऊन पाय बुडवून बसतात तेव्हा पायांची कातडी टिपणारे मासे मळ्याच्याच वंशातले, पश्चिम आशियातले भाऊबंद असतात, ही गोष्ट मळ्याला कळली असती तर त्याला आपल्या कातळाचे मोल अधिक वाटले असते.) शरीराला कठीण पृष्ठभागाचा स्पर्श होत असतानाच जिवाला स्वस्थता वाटणे, या प्रवृत्तीला स्पर्शाकर्षण म्हणता येईल, आणि तळमाशाच्या बाबतीत अन्न व प्राणवायू यांच्या खालोखाल तिचाच क्रम लागतो.

ही आडोशाची ओढ कुठवर जाऊ शकते याचे उदाहरण बस्तरमधल्या कुटुमसर गुहेत आहे. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेली आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणारी एव्हझार्डी नावाची मुरी, किंवा तिच्या अगदी जवळची, त्या गुहेतल्या कायमच्या अंधारात राहते. तिथल्या माशांचे डोळे खुरटलेले आणि अंगाचा रंग फिका पडलेला आहे, आणि अभ्यासकांनी त्यांच्या दिवसरात्रीच्या हालचालींचा दीर्घकाळ मागोवा घेतला आहे. ओढ्यातली मुरी दगडाखाली जाते आणि परत येते. गुहेतली गेली ती तिथलीच झाली.

अशा माशांसाठी पेटी मांडायची तर पहिला प्रश्न दगडाचा येतो, आणि इथे महाराष्ट्रातल्या माणसाच्या पायाखालीच उत्तर आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट, पाण्यात जवळजवळ काहीही सोडत नाही. म्हणून ओढ्यातून घासून गुळगुळीत झालेले त्याचे गोटे मिशांच्या आणि उघड्या पोटाच्या माशांना निर्धोक असतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. या दगडात पूर्वी हवेचे बुडबुडे होते तिथे पोकळ्या राहिलेल्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्यांतले काही झिओलाइटचे असतात, काही कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या जातीचे. पांढऱ्या ठिपक्यावर तीव्र आम्लाचा थेंब टाकला आणि फेस आला तर तो चुना होय, आणि असा दगड पाण्याचा जडपणा हळूहळू वाढवीत राहतो. आधीच बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरात तर तो नकोच. कोकणातला जांभा मऊ, सच्छिद्र आणि मातीसारखा विरघळत जाणारा. रंगाने मोहक असला तरी तो पाणी तांबूस करतो, म्हणून भिंतीला उत्तम आणि पेटीला गैरसोयीचा.

दगड कसे रचावेत याबद्दलचा सर्वांत प्रसिद्ध विचार जपानचा आहे. तकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी जपानी बागांच्या परंपरेतील दगडांची मांडणी पाण्याखाली नेली, आणि ‘इवागुमी’ या नावाने ती जगभर पसरली. तिच्यात एक प्रमुख दगड असतो, तो मध्यावर नव्हे तर एका बाजूला सरकून, प्रवाहाकडे किंचित झुकलेला ठेवतात. त्याच्या बाजूला त्याहून लहान जोडीदार, त्यांच्याजवळ आणखी लहान आधाराचे दगड, आणि अखेर पेटीत विसरल्यासारखे टाकलेले बारीक दगड, जे रोपे वाढल्यावर दिसेनासे होतात. दगडांची संख्या बहुधा विषम ठेवतात, म्हणजे डोळा त्यांच्या जोड्या लावून थांबत नाही. ही मांडणी पाहताना जे समाधान होते ते खरे आहे, आणि अमानो यांच्या पेट्यांतली हिरवळ पाहिल्यावर कोणी त्यांच्यावर टीका करायला धजणार नाही. तरीही इवागुमीच्या अनेक पेट्यांत राहणारे मासे मधल्या पाण्यातले, चिमुकले, थव्याचे असतात. दगड त्यांच्यासाठी डोंगराचा देखावा असतो. तो समोरून पाहिला जातो, त्याची मागची बाजू कोणी विचारीत नाही. तळमाशाला नेमकी तीच बाजू हवी असते. त्याच्यासाठी दगड म्हणजे त्याच्या खालची पोकळी, आणि दोन दगड जवळ ठेवले तर त्यांच्यामधली दोन बोटे रुंदीची फट, जिला दुसऱ्या टोकाला बाहेर पडायची वाट असेल. म्हणून मुरीच्या पेटीत सौंदर्याचा निर्णय समोरून आणि रचनेचा निर्णय मागून, असे दोन्ही करावे लागतात. आणि दोन्हींचे भांडण झाले तर मागच्या बाजूचा पक्ष घ्यावा.

रचनेत क्रम महत्त्वाचा आहे. ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद व उंच अशा पेटीत काठोकाठ भरल्यास सुमारे १८० लिटर पाणी मावते. पाणी, काच, वाळू आणि दगड मिळून वजन अडीचशे किलोच्या आसपास जाते, म्हणून पेटी सपाट आणि भक्कम पायावर, खाली थर्मोकोलची शीट घालून ठेवतात. आत मोठे दगड आधी बसवतात, काचेवर पातळ प्लास्टिकची जाळी टाकून. वाळू त्यानंतर ओततात. हा क्रम उलटा केला तर दगड वाळूवर उभा राहतो, आणि तळमासे वाळू उकरणारे असल्यामुळे एखाद्या रात्री त्याखालची वाळू सरकते आणि दगड घसरून मासा चिरडतो किंवा काच तडकते. वाळू धुतलेली, बारीक आणि बोथट कणांची असावी. टोकदार खडी मिशा झिजवते, आणि मिशा झिजलेली मुरी म्हणजे चाचपण्याचे बोट गमावलेला माणूस. रोज त्या मिशा वाळूत खुपसून, कण तोंडात घेऊन, त्यातले खाद्य शोधून उरलेली वाळू ती कल्ल्यांवाटे सोडते. जवळून पाहिले तर माशाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी वाळूचे दोन बारीक धूर निघताना दिसतात.

वनस्पतींच्या बाबतीत तळमासे नखरेबाज नसले तरी माळ्याचे शत्रू असतात. नाजूक हिरवळ त्यांच्या उकरण्याने रात्रीत तरंगू लागते. त्यावर दोन मार्ग आहेत. अनुबियाससारख्या, मूळकांडावर वाढणाऱ्या वनस्पती दगडाला दोऱ्याने बांधतात, कारण त्यांचे मूळकांड वाळूत पुरले तर कुजते. दुसरा मार्ग मजबूत मुळांच्या वनस्पतींचा, आणि त्यात सह्याद्रीही मागे नाही : क्रिप्टोकोरीन या वंशातल्या काही जाती कोकणाच्या ओढ्यांत आढळतात, रोटालाच्या अनेक जाती इथल्या पाणथळ जागांतल्या आहेत. फक्त एका बाबतीत हात आखडता घ्यावा. कासच्या पठारावरचा वायतुरा सुंदर असतो, पण तो मूठभर कातळांवरच उगवणारा आहे. असे रोप उपटून आणणे म्हणजे पेटीच्या हिरवळीसाठी पठार उघडे करणे.

वनस्पती आणि प्रवाहाचा मासा यांच्या हिताचा एक सूक्ष्म विरोधही पाळणाऱ्याला सोसावा लागतो. ओढ्यातला मासा खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि वैशाखात पंख्याखालचे पाणीही तीस ओलांडते. पाणी खळाळते ठेवले तर प्राणवायू वाढतो, पण वनस्पतींना हवा असलेला कर्बवायू उडून जातो. पाणी शांत ठेवले तर पाने तरारतात आणि पहाटे, वनस्पती स्वतः श्वास घेत असताना, मासे वर येऊन धापा टाकतात. ज्याने मुरीसाठी पेटी मांडली त्याने मंद वाढणारी झाडे पत्करावीत. मग पेटीत पाणी ओतून मासे लगेच सोडायचे नाहीत : माशांच्या उत्सर्जनातला अमोनिया नायट्राइटमध्ये आणि तो नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि दगडांवर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात.

मुरी विकताना दुकानात बहुधा एक वाक्य हमखास ऐकू येते, की हा मासा तळ साफ ठेवतो. या वाक्यात एक जुनी सवय दडलेली आहे. खाली राहतो म्हणून उरलेले खाईल, उष्ट्यावर जगेल आणि त्याचे वेगळे काही मागणे नसेल, असे गृहीत धरण्याची ही सवय माशांपुरती नाही, हे मराठी समाजाला वेगळे सांगायला नको. वस्तुतः मुरी विष्ठा खात नाही, तिला बुडणारे, सकस खाद्य हवे असते, आणि ते दिवे मालवल्यावर टाकावे लागते, नाहीतर वरचे मासे ते वाटेतच पळवतात. सफाईसाठी विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा या समजाची दुसरी बाजू दाखवतो : अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत घेऊन तो फूटभराहून मोठा होतो, पेटीत मावत नाही, मग कोणीतरी त्याला जवळच्या तलावात सोडून देते, आणि आता तो भारतातल्या अनेक पाण्यांत काठांना बिळे पाडीत वाढतो आहे.

तळमाशांतली सर्वांत देखणी जात म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, अंगावर तिरक्या पट्ट्यांची जाळी असलेली. १९२० मध्ये सी. आर. नारायण राव यांनी तिचे वर्णन केले. पश्चिम घाटाखेरीज ती जगात कुठेही नाही, कृष्णेच्या खोऱ्यात, तुंगेच्या पाण्यात ती सापडते, आणि धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत तिचे नाव आहे. डोळ्याखाली दडलेला दुभंगलेला काटा ती घाबरली की बाहेर काढते आणि जाळ्यात अडकते. ती एकटी राहत नाही, म्हणून सहाहून कमी आणणे तिच्यावर अन्याय आहे. नदीतून ओरबाडून आणलेली बोटिया आणि पैदास केलेली बोटिया यांत फरक ओळखता येत नाही, तिथे विकत घेणाऱ्याने विचारणे हेच त्याच्या हाती असते. ते विचारूनही उत्तर मिळत नसेल, तर मळ्यासारखी सामान्य जात पाळण्यात काही कमीपणा नाही.

आडोसा वाढवला की मासे दिसेनासे होतील, ही भीती बहुधा उलटी ठरते. पळायची जागा माहीत असलेला मासा निर्धास्त बाहेर फिरतो. ओढ्यातल्याच, मधल्या पाण्यात राहणाऱ्या डॅनिओसारख्या माशांचा शांत थवा वर हिंडत असेल तर खालच्यांना संकट नसल्याची ती निशाणी वाटते. संध्याकाळी पेटीचा दिवा मालवला आणि शेजारच्या खोलीतला उजेडच काय तो उरला, की आधी एका दगडाखालून दोन मिशा बाहेर येतात, वाळूवर टेकतात, मागे जातात, परत येतात. मग पट्ट्यांचे डोके. मग दुसऱ्या बाजूने आणखी दोघे, एकमेकांना ढुशा देत. मोजले तर सहापैकी पाच भरतात. खास त्यांच्यासाठी रचलेली, दोन्ही टोके मोकळी असलेली गुहा रिकामीच असते. सहावा असतो मागच्या काचेशी, जिथे शेवटचा गोटा नीट बसला नव्हता आणि कंटाळून तसाच राहू दिला होता.